सहाच्या कपातली लबाडी

माझ्या बायकोने मला चार महिने फसवलं. रोज सकाळी सहाला तिने जो कप माझ्या हातात दिला, त्यात रंग होता, वास होता, कडूपणा होता; फक्त कॉफीतला जीव काढून घेतलेला होता.

मी संत्र्याच्या बागांतला माल झाडावरच विकत घेतो. या धंद्यात चहा पाजून माणूस मऊ करतात, म्हणून मी चहा सोडला आणि कॉफी धरली. काळी, उपाशीपोटी, उठल्याउठल्या. दहापर्यंत मी वाघ. मग ती उतरायची, की दुसरी, तिसरी. तीनच्या सुमाराला, नेमका सौद्याच्या वेळी, डोळे जड आणि हात थरथरता.

थरथरणारा हात मला परवडत नाही. आमच्यात जुने लोक अजून रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात, तोंडाने आकडा बोलत नाहीत. मागच्या हंगामात शेंदूरजनाघाटच्या एका म्हाताऱ्या बागवाल्याने माझी बोटं धरली आणि हसला.

"शेठ, हात कापून राह्यला तुमचा. लई गरज दिसते!"

गरज नव्हती, कॉफी होती. पण तो भावावरून तसूभर हलला नाही. अमरावतीला परतल्यावर मी ताट आपटलं आणि हे सगळं बायकोला सांगितलं. तिथेच चुकलो.

दुसऱ्याच आठवड्यापासून घराची रीत बदलली. सहाचा कप तसाच, पण नाश्ता केल्याशिवाय बाहेर सोडायची नाही. निघताना हातात थर्मास.

"साडेनवाच्या आत उघडू नका. वाफ जाते."

वाफ जाते म्हणे! मी काय थर्मास आयुष्यात पाहिला नव्हता? शिवाय मी सहाचा शेवटचा घोट घेईपर्यंत ती दारात उभी राहून बघायची. सुरुवातीचे काही दिवस डोकं ठणकलं. ही कॉफी कमी घालते की काय, म्हणून मी कॉफीच्या डब्यावर पेनाने रेघ मारली. कॉफी रोज रेघेच्या खाली उतरत होती. मग मला ती चढत का नव्हती?

पण दुपारची झोप गेली, हे खरं. या हंगामात त्याच म्हाताऱ्याने भर तीन वाजता माझी बोटं चाचपली. त्याला काही सापडलं नाही. बाग मी म्हणेन त्या दराला मिळाली. मी मंडीभर सांगत सुटलो, याला म्हणतात अनुभव.

मग अकोल्याहून साळा आला. शाळेत मास्तर आहे. कॉफीच्या दोन घोटांनी त्याची छाती दिवसभर धडधडते. मी माझा सहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"भाऊजी, मले मारता काय?"

"पी. पाहुण्याचा मान आहे."

भिडेखातर त्याने कप संपवला. सातला तो दिवाणावर घोरत होता.

मी तडक स्वयंपाकघरात गेलो. पोह्यांच्या डब्यामागे दुसरा डबा सापडला. थर्मासातली खरी कॉफी त्यातली. रेघ मारलेल्या डब्यात तिने मोबाईलवरून मागवलेली, कॅफिन काढलेली कॉफी भरली होती.

"कावून फसवलं?"

"सांगतलं असतं तं आयकलं असतं तुमी?" ती पोहे भिजवतच बोलली. "उपाशीपोटी पेत, अन् मंग दिवसभर लोकायच्या अंगावर जात. आता खाऊन पेता, उशिरा पेता. दाखवा बरं हात."

मी हात पुढे केला. एवढा राग आला होता, तरी तो स्थिर होता.

मागून साळा डोळे चोळत आला. "भाऊजी, ताईनं तुमच्याशी सौदा केला अन् तुमाले रुमालबी दिसला नाई!"

दोघं हसले. हसा. पण त्या म्हाताऱ्याच्या बोटांत जो हात होता, तो माझ्या अनुभवाचा होता की हिच्या डब्याचा? आणि पोह्यांमागे दुसरा डबा निघाला, तसा मिठाच्या मागे, साखरेच्या मागे काय आहे? याचा जबाब तिनेच द्यायचा. उद्या सहाला, कप माझ्या हातात देण्याआधी.