शेंदराची पूररेषा

सेवेतले प्रत्येक प्रकरण निवृत्तीनंतरही काल घडल्यासारखे डोळ्यांसमोर उभे राहते, असे माझे सहकारी सांगतात. मला बहुतेकांचे गुन्हा क्रमांकही आठवत नाहीत. हे एक आठवते, कारण त्यात आम्ही देव जप्त केला.

मार्गासनीपासून काही अंतरावरचे एक गाव. तिथे नदीकाठी पुण्याच्या एका मालकाने पर्यटकांसाठी दुमजली विश्रामगृह बांधले होते. पावसाळ्यात, भर दुपारी, नदी त्यात शिरली आणि तळमजल्यावरच्या खोलीत राखणदार बुडाला. आमच्या पोलीस चौकीत अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मालकाने लेखी जबाब आणून दिला. त्यात 'दैवी आपत्ती' हे शब्द चार वेळा होते.

राखणदाराची बायको जबाबाला आली. मी लिहिलेले वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हंजी देवानं मारलं, आसं लिवनार का सायेब?"

"चौकशी चालू आहे, बाई."

"मालकाचा फोन आला हुता त्येला. पानी दगडाच्या वर येत न्हाई, तू गाद्या तेवढ्या माडीवर ने, म्हनला. ह्येंनी मला फोन करून तसंच सांगितलं आन् ठिवला. सायेब, दगडाच्या वर पानी कवाच येत न्हाई. पर दगूडच खाली नेला की त्येनी!"

या दगडाची गोष्ट अशी. पूर्वी कधीतरी मोठा पूर आला, तेव्हा पाणी जिथवर चढले तिथे गावाने खूण म्हणून दगड रोवला. कोणीतरी त्याला शेंदूर लावला आणि पुढच्या पिढ्यांनी त्याचा देव केला. सरकारी नकाशावर पूरपातळीची निळी रेषा असते. तिच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, बांधकाम करायचे नसते. विश्रामगृह त्या रेषेच्या आत होते. तरीही 'विशेष बाब' म्हणून सूट मिळाली होती, कारण पाहणी अहवालात लिहिले होते की गावाचा पूर्वापार पूरदगड भूखंडाच्या खालच्या अंगाला, नदीकडे आहे; म्हणजे भूखंडापर्यंत पूर कधी आलेलाच नाही. अहवालावर एका अभियंत्याची सही होती.

मी पंच घेऊन जागेवर गेलो. बाईने वरच्या बांधाजवळची दगडाची मूळ जागा दाखवली. तिथे आजूबाजूला गवत माजले होते, पण हातभर रुंदीची माती मागून भरलेली, वेगळ्या रंगाची दिसत होती. पंचनामा झाला. पण मातीवरून फार तर खड्डा सिद्ध होतो.

मग गुरवाला बोलावले. दगडाची पूजाअर्चा त्याच्याकडे. तो घाबरून येईल असे मला वाटले होते. तो धुतलेले धोतर नेसून आला.

"दगड हलवला का?"

"व्हय."

आमच्या हवालदाराचे पेन थांबले. इतक्या लवकर कबुली ऐकायची त्याला सवय नव्हती.

"चोरून?"

"चोरून? सायेब, द्येव हाय त्यो! मजुरांनी पहारीला हात लावला न्हाई. म्हनले, आदी कौल लावा. कौल लावला, द्येवानं उजवा दिला. मंग वाजाप आनलं, टेम्पो सजवला, समद्या गावाला जेवान घातलं. लई झ्याक झालं. फोटू हायेत की!"

त्याने मोबाईल पुढे केला. टेम्पोत गवताच्या बिछान्यावर दगड, दगडावर शाल. एका बाजूला फेटा बांधलेला मालक आणि मधोमध, दगडामागे, फेटा बांधून मानाचा नारळ हातात घेतलेला तोच सही करणारा अभियंता. फोटोची तारीख पाहणी अहवालाच्या दोन दिवस आधीची.

अभियंत्याची चौकशी वीस मिनिटे चालली. "मी जे पाहिले तेच लिहिले," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी फोटो समोर ठेवला.

"हे भूमिपूजन असेल," तो म्हणाला.

"भूमिपूजनाला देव टेम्पोत बसवतात?"

त्याने पाणी मागितले.

लाच घेणारा आडोसा शोधतो. मान घेणारा मात्र फोटोत मधोमध उभा राहतो. इतक्या वर्षांत मी आरोपींना पैशाच्या लोभाने पकडले गेलेले पाहिले, तितकेच फेट्याच्या लोभानेही पाहिले.

मृत्यूची नोंद बदलून मालक आणि अभियंता दोघांवर गुन्हा दाखल केला. बाईला कागद वाचून दाखवला. त्यात देव कुठेच नव्हता. "त्या दिशी म्या बी जेवले तितं," ती म्हणाली. "ह्येंनी वाढलं हुतं पंगतीला. तवा कायच वाटलं न्हाई."

खोटे कागदावर लिहिले की एखादा तरी शंका घेतो. वाजतगाजत केले की सगळे गाव पंगतीला बसते. या प्रकरणाने मला एवढेच शिकवले.

दगड मुद्देमाल म्हणून जप्त केला. खटला अजून चालू असल्याने तो आमच्या चौकीच्या नव्या इमारतीतच आहे. शिपाई त्याला रोज उदबत्ती लावतात. ही इमारत प्रशस्त आहे, खिडकीतून नदी छान दिसते. खटल्यासाठी मोजणीदाराने पूररेषा आखली, तेव्हा तो चहा घेता घेता म्हणाला की चौकीसुद्धा निळ्या रेषेच्या बारा पावले आत आहे. मी तेव्हा सेवेतच होतो; चौकीच्या बांधकामाची जुनी फाईल काढली. सूट विशेष बाब म्हणून मिळाली होती. उद्घाटनाचा फोटो सोबत जोडलेला होता. त्यात फेटा बांधून मधोमध मी आहे.