घटना गेल्या, स्वभाव राहिला

बिरसीच्या रहांगडाल्यांच्या घरात दुर्गेश्वरीनं सोळा वर्षं नवऱ्याचा संताप झेलला. खेमराजनं एकदा तरी स्वतःच्या तोंडानं चूक कबूल करावी, एवढंच तिला हवं होतं.

२००७ च्या उन्हाळ्यात त्याची मोटारसायकल धानाच्या ट्रॅक्टरवर आदळली. डोक्याला मार बसला. दवाखान्यातून तो परतला तेव्हा चालत होता, जेवत होता, आई अनुसयाबाईला न् बायकोला ओळखत होता. पण आयुष्यात घडलेलं काहीच त्याला आठवत नव्हतं. स्वतःचं लग्नसुद्धा नाही.

गोंदियाच्या डॉक्टरनं त्याला एकेक शब्द वाचून दाखवला आणि तो शब्द आपल्याला लागू पडतो का ते विचारलं. हट्टी? हो. तापट? हो. मायाळू? नाही. खेमराज एकदाही अडखळला नाही. मग डॉक्टरनं रागावल्याचा एखादा प्रसंग सांगायला सांगितलं. 

"आठवत नाही," तो म्हणाला. "पण मी तसाच आहो. मले माहीत आहे."

डॉक्टरनं दुर्गेश्वरीला समजावलं, की घडलेल्या गोष्टींची आठवण आणि आपण कसे आहोत ही जाण मेंदूत वेगवेगळ्या राहतात. एक पुसली तरी दुसरी टिकते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळे प्रसंग तिच्याच उरावर ठेवून हा मोकळा झाला होता.

घरी अनुसयाबाईनं लेकाला त्याच्या चांगुलपणाच्या गोष्टी रचून सांगायला सुरुवात केली. तो चिडून म्हणायचा की हे दुसऱ्याच कोणाचं आहे. सासूनं सुनेला बजावलं, जुनं काही काढायचं नाही. सुनेनं ऐकलं नाही. एका सकाळी तो अंगणात जेवायला बसला असताना तिनं त्याला सगळं सांगितलं: तिरोड्याला तिचे वडील शेवटच्या घटका मोजत होते, ती निघाली, तर त्यानं तिला धानाच्या खोलीत कोंडलं. दोन दिवस. दार उघडलं तेव्हा वडिलांना अग्नी देऊन झाला होता.

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. ती वाट बघत राहिली.

"मले न विचारता निघाली होती का?"

"हो."

"मंग बराबर केलो मी."

त्याच्या आवाजात रागही नव्हता. दुर्गेश्वरीनं त्याच्यापुढचं ताट उचललं आणि सासूच्या हातात दिलं.

"तुमचा लेक आहे. तुम्हीच खाऊ घाला."

त्याच दुपारी ती तिरोड्याला भावाकडे निघून गेली. तिथल्या बाया म्हणत, तू तर गरीब स्वभावाची, आजारी माणसाला सोडवलं कसं तुझ्यानं? आधी तीही स्वतःला तशीच समजायची. कोणी विचारलं असतं तर डोळे मिटून हो म्हणाली असती. आता म्हणाली, "सोसलं म्हणून मी गरीब नाही झाली. मले दुसरं काही करू देलं नाही कोणी."

पाच वर्षांनी अनुसयाबाई खेमराजला घेऊन दारात आली. आपण थकलो, आता तू सांभाळ, म्हणाली. सुनेच्या मायाळूपणाबद्दलही बोलली.

"मायाळू नाही मी," दुर्गेश्वरी म्हणाली.

तिनं दोघांना उंबरठ्याबाहेर पाणी दिलं. ते पिऊन होईपर्यंत थांबली, मग दाराला आतून कडी घातली.