लुगड्याचा तुकडा

परळच्या एका गिरणीतल्या पाळणाघरात मी उमेदवारीला लागले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. खात्यात कामाला जाताना बायका बाळाच्या उशाशी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा ठेवत. आईच्या वासावर पोरं झोपत. मुख्य बाईंना मात्र स्वच्छतेचं वेड. संध्याकाळी सगळे तुकडे त्या मला सोड्याच्या पाण्यात उकळायला लावत. आया बिचाऱ्या पुन्हा वास लागावा म्हणून तो तुकडा घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी कमरेला खोचून आणत. मला बाईंचा भयंकर राग यायचा.

एका दुपारी गिरणी बंद पडली. मुलं आमच्याकडे सोपवून बायका मोर्चाला गेल्या. तिकडे गोळीबार झाला. अंधार पडेपर्यंत एक सोडून सगळ्या परतल्या. तिच्या सहा महिन्यांच्या मुलीला न्यायला तिची सासू आली. सून गेल्याचं तिने दारातच सांगितलं.

सवयीने मी त्या पोरीचा तुकडा उकळत्या पाण्यात टाकायला उचलला. बाईंनी माझं मनगट धरलं. तुकडा काढून घेतला, घडी केली आणि सासूच्या हातात दिला.

"आजी, हा धुऊ नका," एवढंच म्हणाल्या.

आजीच्या खांद्यावर पोर झोपेतच त्या तुकड्याकडे वळली.