जळक्या धाग्यांची वही

"आदी धागा, मंग गप्पा," असं म्हणत त्या समोरच्याच्या बाहीची कड चिमटीत धरायच्या. माझी ओळखही अशीच झाली.

घोटावड्याच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायला लागलो, तिथे विजेचे मोठाले पॅनेल बनतात आणि टेस्टिंगच्या शेडमध्ये त्यांत वीज सोडून तपासले जातात. कामगारांचे गणवेश दुरुस्त करायला एक बाई आहेत, एवढंच मला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात बटण लावून घ्यायला त्यांच्या पत्र्याच्या खोलीत गेलो, तर त्यांनी बटणाकडे पाहिलंही नाही. माझ्या बाहीच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि त्याला काडी लावली. धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला मोहरीएवढा काळा मणी झाला.

"प्लास्टिक हाय, सायेब. ह्ये घालून टेस्टिंगच्या शेडात जाऊ नगा."

शर्ट नवा होता, चांगल्या दुकानातला होता. मला रागच आला. पण मणी गार झाल्यावर त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. नखाने दाबला, फुटेना. असा मणी अंगावर झाला तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

सगळे त्यांना ताई म्हणत. पन्नाशीच्या, मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगर वस्तीतल्या. बोलताना त्या माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या कॉलरकडे जास्त पाहायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं आणि ती गोष्ट आपल्याला आधी दिसतच नाही.

त्यांच्याकडे शाळेची एक दुरेघी वही होती. प्रत्येक पानावर दोन धागे चिकटवलेले, एक साधा, एक जळका. खाली चौथीपर्यंतच्या शिक्षणाचं मोठं, टपोरं अक्षर. सुती धाग्याच्या पानावर होतं, "कागदावानी वास. राख मऊ. पन पेट घेतो." मला त्या वहीचं वेडच लागलं. दुपारचा डबा मी त्यांच्या खोलीत खाऊ लागलो आणि घरातल्या कपड्यांचे धागे आणून देऊ लागलो. सासूबाईंनी अस्सल लोकरीचा म्हणून दिलेल्या स्वेटरचा धागा त्यांच्या चिमट्यात वितळून मणी झाला, तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, हे घरी सांगू नका. दुसऱ्या दिवशी त्यांनी घोंगडीचा धागा आणला. तो कुरकुरला, जळक्या केसांचा वास आला आणि काडी दूर नेताच विझला. "मेंढी शानी हाय," त्या म्हणाल्या. "तिचं कापड आपलं आपन इझतं."

हे सगळं कुठून सुरू झालं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, मशीनवरून मान वर न करता. त्यांचा धाकटा भाऊ एका कंपनीत वायरमन होता. कंपनीचा गणवेश जाड सुती होता. पण थंडीचे दिवस, म्हणून तो आत ताईंनी शिवलेला शर्ट घालायचा, चकचकीत निळ्या कापडाचा. ते कापड त्यांनी हौसेनं निवडलं होतं. एकदा विजेच्या पेटीत काम करताना मोठा लखलखाट झाला. वरचा सुती सदरा जळाला, तो लोकांनी ओढून काढला. आतला निघेना. दवाखान्यात तो कातडीसकट काढला.

"वरच्या कापडानं न्हाई भाजला त्यो. माझ्या कापडानं भाजला," एवढं बोलून त्यांनी दोरा तोडला. भाऊ जगला. नंतर कामाला मात्र गेला नाही, मेंढरं राखू लागला.

पुढच्या वर्षी टेस्टिंगच्या माणसांसाठी आग न धरणारं कापड घ्यायचं ठरलं. निवड माझ्याकडे आली. एका पुरवठादाराने नमुना आणला, सोबत प्रमाणपत्र. सुती कापडावर औषधाची प्रक्रिया केलेली होती. ताईंनी त्याची पट्टी पेटवली, काडी दूर नेली, पट्टी विझली. मी खूश झालो आणि होकार कळवून टाकला. ताई मात्र उरलेला तुकडा घेऊन घरी गेल्या.

त्या रोज तो धूत होत्या, हे मला नंतर कळलं. आमच्या कामगारांच्या घरी जसे कपडे धुतात तसेच, स्वस्तातल्या पावडरीने, डाग निघेना की ब्लीच टाकून, दगडावर आपटून. महिन्याभराने त्यांनी तो तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. तोवर गणवेशांचे गठ्ठे स्टोअरमध्ये आले होते आणि चार दिवसांवर कारखान्याची सुरक्षा-तपासणी होती. आम्ही मागच्या अंगणात गेलो. तुकड्याची एक पट्टी फाडून तिला काडी लावली, काडी काढून घेतली, आणि पट्टी जळतच राहिली, थेट चिमट्यापर्यंत.

मी खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार गप्प बसण्याचा आला. होकारावर माझी सही होती. कागद बरोबर होते. ताई राख झटकून चिमटा पुसत उभ्या राहिल्या. ते मला बघवलं नाही. मी त्यांना घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेलो.

साहेबांनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं आणि विचारलं की, प्रयोगशाळेपेक्षा तुमच्या काडीपेटीवर विश्वास ठेवायचा का. तेव्हा ताई पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोलल्या.

"कागद खोटा हाय आसं मी म्हनत न्हाई. पन मान्सं कागद घालनार न्हाईत, कापड घालनारेत. आन् ते धुनारेत."

साहेबांनी उरलेला तुकडा बोटांनी चोळून पाहिला. मग त्यांनी धुतलेला आणि कोरा असे दोन्ही तुकडे प्रयोगशाळेत पाठवले. तिथून ताईंचंच म्हणणं लिहून आलं. गठ्ठे परत गेले, तपासणीत मला बोलणी खावी लागली. शेवटी ज्याच्या धाग्यातच आग न धरण्याचा गुण आहे, असं कापड आम्ही घेतलं. शिवणीचा दोरासुद्धा ताईंनी तसाच मागवला. कापड टिकलं आणि दोरा जळला तर सदरा उसवून पडेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

राहिला प्रश्न बनियनचा. आत प्रत्येकाने सुतीच घालावं, हा त्यांचा हट्ट. पण बाईमाणसाने पुरुषांना बनियनचं कसं विचारायचं? ते काम माझ्या गळ्यात पडलं. सकाळी गेटवर मी कॉलरी वर करून बघायचो आणि ताई वीस पावलांवर पाठ करून उभ्या राहायच्या. "काय हाय?" एवढंच विचारायच्या. माणसं हसायची, पण हळूहळू सगळे सुती घालून येऊ लागले.

दीडेक वर्षाने शेडमध्ये तो दिवस आला. स्फोटासारखा आवाज झाला, उजेड खिडक्यांबाहेर आला. पॅनेल टेस्ट करणारा माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर आला. तोंडावरची काच काळी झाली होती, सदऱ्याची छाती कोळशासारखी. मनगटाजवळ थोडं भाजलं होतं, बाकी धड होता. त्याला दवाखान्यात नेल्यावर तो सदरा बनियनसकट ताईंच्या टेबलावर आला. त्यांनी तो उलटा केला. आतली बाजू जवळजवळ जशीच्या तशी होती. बनियन पांढरंच होतं, घामाने भिजलेलं. त्यावरून त्या कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या. मग खाली फरशीवर बसल्या आणि रडल्या. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर उभा राहिलो.

नंतर कंपनीने गणवेशांची धुलाई आणि दुरुस्ती बाहेर दिली. ताईंची नजरही अधू झाली होती. त्या वस्तीवर भावाकडे राहायला गेल्या.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. त्या गवताला गेल्या होत्या. भाऊ ओट्यावर बसला होता. चहा देऊन झाल्यावर त्याने आपणहून विषय काढला. तो निळा शर्ट त्यानेच हट्टाने शिवून घेतला होता म्हणाला, ताई नको म्हणत होती. मी विचारलं, हे ताईंना कधी सांगितलंत का?

"लई येळा. तिला पटत न्हाई," तो म्हणाला. "तुमचं ऐकंल. तुमी सांगा."

तो खरं बोलत होता की बहिणीच्या मनावरचं ओझं काढायला बघत होता, मला कळलं नाही. मी सांगेन म्हणालो.

तेवढ्यात चढावरून ताई आल्या, डोक्यावर गवताचा भारा. मला पाहून हसल्या. भाऊ भारा घ्यायला उठला. भाजल्यापासून त्याचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. ताई त्याच्यासमोर येऊन थांबल्या, आणि त्याचे हात भाऱ्याला पुरतील इतक्या गुडघ्यांत वाकल्या.