लोटी आत्याची दोन चरित्रं

आमच्या होरकोव्हच्या गढीत व्लास्ताबाईंनी एकतीस वर्षं लोकांना दालनं दाखवली. मी तिकिटाच्या खिडकीवर असायचो, त्यामुळे त्यांचा आवाज रोज कानावर. आत शिरण्याआधी प्रत्येकानं बुटांवर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, मऊ सपाता चढवायच्या, हा त्यांचा कायदा. "पाय उचलू नका, घासत चला! जमिनीच्या लाकडाला चकाकी येते!" प्रागहून आलेल्या एका बड्या साहेबानं नकार दिला, तर त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

पुढे कम्युनिस्ट गेले आणि त्यांनी जप्त केलेली गढी मूळ मालकांना परत मिळाली. एका मंगळवारी एक उंच, पाठीत वाकलेले म्हातारे रांगेत उभे राहिले, तिकीट घेऊन आत गेले. दाराशी व्लास्ताबाई.

"आजोबा, सपाता."

"बाई, माझा जन्म इथलाच. डावीकडची तिसरी खोली."

"जन्मलात तेव्हा पायात बूट होते का? नाही ना? मग चढवा."

गढीच्या त्या मालकांनी, काउंट हुबर्टनी, निमूट चढवल्या.

निळ्या खोलीत एका तसबिरीपुढे व्लास्ताबाई नेहमी थांबायच्या. "ही काउंटेस शार्लोट. हिचा प्रियकर लढाईत गेला. हिनं उभा जन्म या खिडकीत वाट बघत काढला." त्या दिवशीही बायकांनी रुमाल काढले.

मागून काउंट खोकले. "ही आमची लोटी आत्या. तीन लग्नं केली. खिडकीत बसायची ती शेजाऱ्यांकडे कोण येतं-जातं ते बघायला."

सगळे खो खो हसले. व्लास्ताबाई लालबुंद. फेरी कशीबशी संपवून त्यांनी किल्ल्या माझ्यापुढे आपटल्या. "चालले मी. इतकी वर्षं खोटं बोलले म्हणे!"

तेवढ्यात काउंट आले, पायात अजून सपाता. "उद्याची फेरी किती वाजता?"

"दहाला. पण ती करणार कोण?" व्लास्ताबाई फणकारल्या.

"तुम्हीच. आत्याला तुमची गोष्ट फार आवडली असती. तिसऱ्या नवऱ्याला ती असलंच काहीतरी सांगायची."

व्लास्ताबाईंना हसू आवरेना. त्यांनी किल्ल्या उचलल्या.

तेव्हापासून निळ्या खोलीत रोज दोघांची जुंपायची. "तीन नव्हे, चार लग्नं!" काउंट म्हणायचे. "अहो, कालपर्यंत तर तीन होती!" ते भांडण ऐकायला ब्रनोहून बसगाड्या यायच्या.

काउंटच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्यांचे गुडघे पार गेले. त्यांच्या वडिलांच्या खुर्चीपुढची, कुणी बसू नये म्हणून बांधलेली दोरी व्लास्ताबाईंनी स्वतः सोडली आणि त्यांना हाताला धरून बसवलं.

"पाच मिनिटं हं," म्हणाल्या, आणि घड्याळाकडे पाठ करून उभ्या राहिल्या.