सहावा रकाना

आमच्याकडच्या मोठ्या शर्यतीचा इतिहास कुणी पुस्तकात लिहिलेला नाही. तो रेसकोर्सच्या जिन्यापाशी रंगवलेला होता, आणि त्यातल्या चाळीस ओळी माझ्या मामाच्या हातच्या. वर्षातून एकदा अस्सल वंशावळीचे घोडे धावायचे. शर्यत संपली की माणसं पांगायच्या आत मामा शिडी लावायचा आणि लाकडी फलकावर सोनेरी रंगात नवी ओळ लिहायचा. रकाने पाच: वर्ष, घोडा, मालक, ट्रेनर, जॉकी. घोड्यांमध्ये रोगाची साथ आल्यामुळे एका वर्षी शर्यतच झाली नाही, तर त्या वर्षापुढे त्याने नुसती रेघ ओढली, तीही पट्टी लावून.

घरात कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तरी हा भरल्या ताटावरून उठायचा. आम्ही भाचरं त्याला पाठीमागे गवंड्याचा 'ओळंबा' म्हणायचो.

त्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तिथल्याच तबेल्यात मोतद्दार होते. खरारा, चारापाणी, घोड्याच्या पायांना पट्ट्या बांधणं, सगळं त्यांच्याकडे. एका वर्षी त्यांच्याकडचा तांबडा घोडा शर्यतीच्या दोन महिने आधी पोटदुखीने आडवा झाला. ट्रेनरने हात टेकले. आजोबांनी तबेल्यातच पथारी टाकली, घोड्याला पुन्हा पुन्हा उठवून चालवलं, हाताने भरवलं. तोच घोडा शर्यत जिंकला.

त्या संध्याकाळी मामा शिडीवर होता आणि शिडी आजोबांनी धरली होती. मालकाचा माणूस धापा टाकत आला. साहेबांच्या तिन्ही पदव्या नावापुढे यायलाच हव्यात, म्हणाला. मामाने अक्षरं बारीक केली आणि तिन्ही बसवल्या. तो माणूस गेल्यावर आजोबा खालून हळूच म्हणाले, "जॉकीच्या पुढे थोडी जागा उरलीय बघ. माझंही नाव टाक की. बारीक."

"बाबा, मोतद्दाराचा रकाना नाही."

"बरं," आजोबा म्हणाले आणि शिडी धरून तसेच उभे राहिले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. आठ वर्षांनी ते गेले.

मला मामाचा राग यायचा, अजूनही येतो. पदव्यांना जागा होते आणि बापाला होत नाही? एकदा मी तोंडावर विचारलंच.

"तिशीत होतो गं," तो म्हणाला. "नियमावर बोट ठेवलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं."

नंतर दर वर्षी नवी ओळ लिहिताना त्याची नजर त्या रिकाम्या जागेकडे जायची. रंग तयार, ब्रश हातात. तरी तो पुढच्या वर्षी बघू म्हणून खाली उतरायचा. असं करत करत तो निवृत्त झाला.

गेल्या वर्षी रेसकोर्सवाल्यांनी फलक काढून तिथे स्क्रीन बसवला. मामाने हातापाया पडून तांबड्या घोड्याची ओळ असलेली फळी मागून आणली. जेवणाच्या टेबलावर ती आडवी ठेवली, चष्मा पुसला आणि रिकाम्या जागेत आजोबांचं पूर्ण नाव लिहायला घेतलं. वय अठ्ठ्याहत्तर, हात थरथरणारा. अक्षरं मोठी होत गेली, आडनाव तिरकं होऊन फळीच्या कडेला टेकलं.

"छान दिसतंय," मी म्हणाले.

त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

"त्यांनी बारीक मागितलं होतं," तो म्हणाला. "आता मला बारीक काढता येत नाही."