बाकापर्यंत

मास्तरांनी शिवलेला कोट कुणाला तोकडा झाला, असं गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं. स्वतःच्या तब्येतीच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार. शिलाई मशीनला त्यांनी मोटर बसवली, तेव्हा शेजारच्या मशीनवरून बायको म्हणाली होती, "अहो, पायांना असं कामावरून काढू नका. रुसतील." तिनं स्वतः शेवटपर्यंत पायानंच मशीन चालवलं.

संध्याकाळी दुकान बंद झालं की ती त्यांना तळ्याकडे पिटाळायची. ती झपझप पुढं, हे मागून रमतगमत. तळ्याकाठच्या बाकावर आधीच टेकलेली ती विचारायची, "आलात का एकदाचे?"

ती गेली आणि मास्तरांचं चालणंही संपलं. साखर होतीच, ती बळावली. मग चालताना पोटऱ्या दुखायला लागल्या, तेव्हा लेकीनं त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला. घोट्याचा बराच कमी भरला.

"काका, रक्तवाहिन्यांना आतून अस्तर असतं. साखरेनं ते खराब झालंय, वाहिन्या अरुंद झाल्यात."

"मग उसवा आणि नवं लावा की."

"इथं उसवायची सोय नाही," बाई हसल्या. "गोळ्या घ्या आणि चाला. दुखलं की थांबा, दुखायचं राहिलं की पुन्हा चाला. चालताना रक्त जोरात वाहतं, ते त्या अस्तराला मानवतं. हयगय केलीत तर पाय गमवायची पाळी येईल."

मास्तरांना तळ्याकाठचा बाक आठवला. पाय गेला तर तो बाक पुन्हा कधी दिसणार?

पहिल्या दिवशी औषधांच्या दुकानाशीच पोटरी आवळली, दोरा ओढून चुण्या घालाव्यात तशी. कुणी विचारू नये म्हणून ते काचेत टक लावून उभे राहिले. खोकल्याच्या बाटल्यांत एवढं बघण्यासारखं काय असतं, ते मास्तरच जाणोत! निघताना त्यांनी खिशातल्या कापडाच्या खडूनं भिंतीवर बारीक खूण केली. खुणेशिवाय मास्तरांनी आजवर कशालाच हात घातला नव्हता.

खूण हळूहळू पुढं सरकली. महिन्यानं बेकरी आली, मग शाळेचं फाटक. मधेच आठवडाभर खूण आहे तिथंच अडली, तेव्हा मास्तर पायांवर चिडले आणि घरी येऊन रडलेही. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी ते तळ्याशी पोचले. पोटरी ठणकत होती, पण सोसण्यासारखी. बाकावर ते आपल्या बाजूला बसले आणि तिची बाजू मोकळी ठेवली. सवयीनं कान तिकडं गेला. ती आत्ता इथं हवी होती, दुसरं काही नको होतं त्यांना.

कुणीच काही विचारलं नाही. खूण करायला काढलेला खडू त्यांनी तसाच खिशात ठेवला.

"आलो गं एकदाचा," ते म्हणाले.